चपला ओळखणाऱ्या गावात: समुपदेशनाची गोपनीयता राखायची कशी

प्रॅक्टिसचं पहिलंच वर्ष. मंगळवारी संध्याकाळी एक बाई आल्या, तासभर बोलल्या, गेल्या. बुधवारी सकाळी मी बाजारात बांगडे घेत होते, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या ओळखीच्या काकू सहज म्हणाल्या, "काल अमकीच्या चपला दिसल्या गं तुझ्या पायरीवर. बरी आहे ना ती?" मी कुणापाशी एक शब्द बोलले नव्हते. फाईल कुलपात होती, खोलीचं दार बंद होतं. तरी गावाला कळलं, कारण चपला बाहेर होत्या आणि आमच्याकडे माणसं चपलांवरून माणूस ओळखतात.

मी कुठल्या तालुक्यात बसते ते इथे लिहीत नाही, रत्नागिरी जिल्हा एवढं पुरे. तालुका सांगितला तर "मंगळवारी संध्याकाळी येणारी बाई" शोधून काढायला तिथल्या लोकांना एक दुपार पुरेल. खालची उदाहरणंही दोन-तीन माणसांचं एकात मिसळून, गावं आणि नाती बदलून लिहिली आहेत.

श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत तालुक्याच्या गावी नव्याने बसणाऱ्या मानसशास्त्रज्ञांसाठी आणि समुपदेशकांसाठी हे लिहिते आहे. शहरातल्या प्रशिक्षणात कुलूपबंद कपाट आणि पासवर्ड शिकवतात. ते हवंच. पण आपल्याकडे गुपित फुटतं ते बहुतेक वेळा कपाटापर्यंत पोचायच्या आधीच.

पायरी १: गुपित नेमकं कोणतं ते आधी ठरवा

आत काय बोलणं झालं हे गुपित आहेच. पण त्याच्याही आधीचं गुपित म्हणजे ही व्यक्ती इथे येते. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे, बाकीची ठाणे, पुणे आणि नागपूरला. त्यामुळे "ह्याला रत्नागिरीला न्यायला हवा" ही थट्टा इथल्या पोराटोरांच्याही तोंडी असते. ती ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला तुमच्या दारात दिसणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून एक काम करा. दुपारी एस्टी स्टँडवर उतरा आणि क्लायंट म्हणून स्वतःच्या खोलीपर्यंत चालत या. वाटेत कोण कोण बघतं ते वहीत लिहा: रिक्षावाले, पानटपरी, समोरचा किराणावाला, वरच्या गॅलरीत तांदूळ निवडणाऱ्या आजी. मग तासाभराने परत जा, वेगळ्या वाटेने. माझ्या यादीत अकरा जोड्या डोळे निघाले होते. त्यातले सात टाळता आले. उरलेल्या चारांचं काही करता येत नाही, पण ते कोण हे क्लायंटला सांगता येतं आणि कुठल्या वाटेने यायचं ते त्यांना ठरवू देता येतं.

पायरी २: जागा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. एकदा घेतलेली जागा सहज बदलत नाही.

पहिली गोष्ट जिन्याची. स्वतंत्र बंगली, बाहेर सुंदर पाटी, अंगणात अबोली, हे चित्र डोक्यातून काढून टाका. स्वतंत्र दारात शिरणारा माणूस तुमच्याकडेच आलेला असतो. मी सध्या बसते त्या जिन्याने वर गेलं की दाताचा डॉक्टर आहे, झेरॉक्सवाला आहे, विमा एजंट आहे आणि शेवटी मी. जिना चढणारा कुठे चाललाय हे खालून कळत नाही. "दाढ दुखतेय" हे उत्तर प्रत्येकाच्या खिशात तयार असतं. भाडं थोडं जास्त पडलं तरी अशीच जागा घ्या.

पाटीवर खोटं लिहू नका, पण आरडाओरडाही नको. नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक असेल तर तो आणि "समुपदेशन व मार्गदर्शन" एवढं बास. आजारांची यादी असलेले फ्लेक्स दारावर लागले की आत जाणाऱ्याच्या कपाळावर त्यातला एक आजार चिकटलाच म्हणून समजा.

चपलांचा प्रश्न मी दहा रुपयांत सोडवला नाही, बाराशे लागले: दाराच्या आत लाकडी कपाट, झडपेचं. चपला आत, छत्र्या आत. पावसाळ्यात छत्रीही ओळखतात, विशेषतः मुंबईहून आणलेली असेल तर. गाड्यांचं तेच. एम-एच ०८ सगळ्यांच्याच असतात, पण पुढचे चार आकडे गावाला पाठ असतात. गाडी बाजारात लावून चालत यायला सुचवते. रत्नागिरीतल्या गावात एम-एच ०७ची, म्हणजे सिंधुदुर्गातली, गाडी दोन मंगळवार एकाच ठिकाणी उभी राहिली तर तिसऱ्या मंगळवारी चौकशी सुरू होते.

आता आवाज. जुन्या कौलारू घरात खोली घेतली असेल तर वर बघा. मधल्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत. भिंत संपते तिथून वर वासे, रिपा आणि कौलं, आणि त्या सगळ्या खोल्यांवर एकच छप्पर. चिऱ्याची दीड फूट जाड भिंत बघून आपण निर्धास्त होतो आणि आवाज वरून शेजारच्या माजघरात उतरतो. अशा खोलीला वर प्लायवूडचं किंवा जिप्समचं छत घालून घेतल्याशिवाय पहिला क्लायंट घेऊ नका. सामाईक भिंतीला पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट लावा, दाराच्या खाली रबरी पट्टी ठोका, खिडकीला जाड पडदा. बाहेर बसायच्या जागेत खडखडणारा जुना पंखा असेल तर तो दुरुस्त करू नका.

मग चाचणी घ्या. आत टेबलावर रेडिओ माणसाच्या बोलण्याइतक्या आवाजात लावा, दार बंद करा, बाहेरच्या खुर्चीत बसा. मग खिडकीखाली उभ्या राहा, मग शेजारच्या पडवीत. सूर ऐकू आला तर चालेल, शब्द कळला तर नाही. ही चाचणी मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा घ्यायची. मेमध्ये उकाड्याने खिडक्या उघड्या टाकाव्या लागतात. जुलैत पत्र्यावर पाऊस आपटत असला की आत बसलेली दोघंही ओरडून बोलायला लागतात आणि सर मध्येच थांबली की शेवटचं वाक्य अख्ख्या वाडीला ऐकू जातं. हे माझ्याकडे घडलंय. आता सर आली की मी खुर्ची पुढे ओढते किंवा थोडा वेळ गप्प बसू या म्हणते.

भेटींच्या मध्ये वीस मिनिटं मोकळी ठेवा. शहरात दहा चालतात, इथे नाही. आणि वेळ देताना एस्टीचं वेळापत्रक समोर ठेवा. एकाच खाडीपट्ट्यातली दोन माणसं लागोपाठच्या वेळेला बोलावली तर जाणारी आणि येणारी स्टँडवर समोरासमोर येतात, कारण गाडी एकच असते. वहीत क्लायंटच्या सांकेतिक क्रमांकापुढे मी गाव लिहीत नाही, फक्त कुठल्या गाडीने येणार ते लिहिते.

पायरी ३: पहिल्या भेटीतली पाच मिनिटं

कहाणी ऐकायच्या आधी मर्यादा सांगायच्या. नंतर सांगितल्या तर ती फसवणूक होते. मी साधारण असं बोलते:

"तुम्ही इथे बोलाल ते माझ्यापाशी राहील. घरच्यांना सांगणार नाही, तुम्ही येता हेसुद्धा सांगणार नाही. चार वेळा मात्र मला गप्प राहता येणार नाही. तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर. तुमच्या हातून दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. आणि कोर्टाने आदेश दिला तर. तेव्हाही जमलं तर आधी तुम्हाला सांगेन, आणि लागेल तेवढंच बोलेन."

यामागचा मुख्य कायदा म्हणजे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. कलम २३ मध्ये मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचा गोपनीयतेचा हक्क आणि त्याचे अपवाद आहेत: व्यक्तीने नेमलेला प्रतिनिधी, उपचारासाठी आवश्यक तेवढी माहिती दुसऱ्या डॉक्टरला देणं, कुणाला इजा किंवा हिंसेपासून वाचवणं, जिवाचा धोका टाळणं, न्यायालयाचा किंवा मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळासारख्या वैधानिक प्राधिकाऱ्याचा आदेश, सार्वजनिक सुरक्षितता. कलम २४ प्रमाणे व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही आणि संगणकावरची माहितीही त्यात येते. कलम २५ उलट्या बाजूचं आहे: स्वतःच्या वैद्यकीय नोंदी बघण्याचा तिचा हक्क. तुमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना कुठलाही आजार नसेल, परीक्षेची धास्ती असेल किंवा सासूशी पटत नसेल. त्यांनाही हीच पट्टी लावा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो सगळ्यांसाठीच.

संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, मोठ्या टायपात. चष्मा विसरलेल्याला आणि लिहितावाचता न येणाऱ्याला वाचून दाखवायचं. आणि त्याची प्रत घरी न्यायचा आग्रह धरू नका. तीच प्रत पुढे सासूबाईंना गादीखाली सापडते.

पायरी ४: बाहेर भेट झाली तर

होणारच. लग्नात, पतपेढीत, ग्रामदैवताच्या पालखीत, शाळेच्या पालकसभेत. पहिल्याच भेटीत ठरवून टाका: "बाहेर मी तुम्हाला आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही हसलात तर मी हसेन, तुम्ही बोललात तर बोलेन, इथला विषय मात्र काढणार नाही." हे न सांगता नुसतं तोंड फिरवलंत तर माणूस दुखावतो. आधीची ओळख असेल तर उलटं करा. रोज "काय गं, कशी आहेस" म्हणणारी मी अचानक गप्प झाले तर तेच लोकांच्या डोळ्यांवर येतं. अशा माणसाशी पूर्वीसारखंच वागायचं, पण किती जवळच्या माणसाला क्लायंट म्हणून घ्यायचं नाही याची रेघ आधीच आखून ठेवायची.

पायरी ५: फोन, पैसे आणि रेंज

नाव लिहून घेण्याआधी विचारा, "या नंबरवर फोन केला तर कोण उचलतं?" पुष्कळ घरांत अजून फोन दोघांत एक असतो, आणि पासवर्ड असला तरी पोराला माहीत असतो. फॉर्मवर माझे चार रकाने आहेत: फोन करायचा का, कुठल्या वेळी, मेसेज चालेल का, दुसऱ्याने उचलला तर काय म्हणायचं. "बँकेतून बोलतेय" असं खोटं मी बोलत नाही. नुसतं पहिलं नाव सांगते आणि नंतर करते म्हणते.

कामासाठी वेगळा फोन, वेगळं सिम. त्यात नंबर साठवताना "सौ. अमुक डिप्रेशन" असं कधीही लिहू नका. कोण फोन करतंय ते दाखवणारी काही ॲप आपली संपर्कयादी वाचतात, आणि तुम्ही दिलेलं नाव तिसऱ्याच्या पडद्यावर उमटू शकतं. कामाच्या फोनवर अशी ॲप नकोतच. व्हॉट्सॲपवर ग्रुप नाही, गणपतीच्या शुभेच्छा नाहीत, स्टेटसवर "आज एक क्लायंट हसत हसत गेली" असलं काही नाही. फायलीच्या पानाचा फोटो काढलात तर तो आपोआप ढगात (क्लाउडवर) जाऊन घरच्या टॅबवर दिसतो का ते तपासा. माझ्या लेकीच्या अभ्यासाच्या टॅबवर एकदा दिसला होता, पान कोरं होतं म्हणून निभावलं. टिपणं सुबक करून घ्यायला चॅटबॉटमध्ये चिकटवणंही त्याच जातीचं: एकदा बाहेर गेलेलं पान परत बोलावता येत नाही.

गूगलवर कुणी वाईट अभिप्राय लिहिला तर हात शिवशिवतात. "तुम्ही दोनदाच आलात" एवढं उत्तर दिलंत तरी ती व्यक्ती तुमची क्लायंट होती हे तुम्हीच जाहीर केलं. उत्तर देऊच नका.

पैशांची गोष्ट कुणी शिकवत नाही. क्यूआर कोडचा तो बोलका डबा माझ्या टेबलावर आठवडाभर होता. "आठशे रुपये प्राप्त हुए" हे बाहेर बसलेल्याला ऐकू गेलं की फी कळली, आणि कुणीतरी आत आहे हेही पक्कं झालं. डबा गेला. खात्याचं नाव "अमुक मानसोपचार केंद्र" असेल तर नवऱ्याच्या मोबाईलवर तेच उमटतं. साधं स्वतःचं नाव ठेवा, आणि रोख घ्यायची तयारी ठेवा. सीएकडे तारीख, रक्कम आणि पावती क्रमांक जाऊ दे, टिपणवही नको.

ऑनलाइन भेटीत कोकणाची स्वतःची अडचण म्हणजे रेंज. घरात एक दांडी, सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळमाळावर, चार. माणूस फोन घेऊन सड्यावर जातो आणि तिथे आधीच वाडीतली तीन पोरं क्रिकेटचा स्कोअर बघत बसलेली असतात. त्यामुळे सुरुवातीला नेहमी विचारा: आत्ता कुठे आहात, आजूबाजूला कोण आहे, कानात इअरफोन आहे का. कुणी जवळ आलं तर म्हणायचा एक शब्द ठरवून ठेवा. माझ्या एका क्लायंटचा शब्द "कोकम" आहे. ती "कोकम पाठवते हो" म्हणाली की मी आमसुलांच्या भावाबद्दल बोलायला लागते. गणपती आणि शिमग्याला चाकरमानी आले की घरात पाय ठेवायला जागा नसते. त्या पंधरवड्यात फोनवरच्या भेटी शक्यतो ठेवू नका. गरज पडली तर चोवीस तास चालणाऱ्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मात्र आधी देऊन ठेवा.

पायरी ६: नोंदी

दोन वह्या. एकीत नाव, पत्ता, फोन आणि त्यापुढे एक क्रमांक. दुसरीत फक्त क्रमांक आणि टिपणं. दोन्ही वेगळ्या कुलपात, शक्य तर वेगळ्या इमारतीत. एक हाती लागली तर दुसरीशिवाय अर्थ लागू नये.

टिपणात काय लिहायचं याला माझ्या दोन कसोट्या आहेत. ही ओळ क्लायंटने स्वतः वाचली तर? ही ओळ कोर्टात मोठ्याने वाचली गेली तर? "दीर कधी येतो ते वार" असलं तपशीलवार लिखाण उपचाराला लागत नसेल तर लिहू नका. "घरातील एका व्यक्तीबद्दल भीती, झोप कमी, पुढील भेटीत सुरक्षिततेचा आराखडा" एवढ्यावर काम होतं. धोक्याचं मूल्यमापन आणि त्यावर तुम्ही काय केलंत हे मात्र तारीखवेळेसह पूर्ण लिहा. तिथे काटकसर नको.

इथल्या कागदाचे शत्रू तीन: बुरशी, वाळवी आणि पाणी. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचं कुठलंही कपाट सुरक्षित नव्हतं. गोपनीयतेच्या नजरेने बघितलं तर भिजणं हे अर्धंच नुकसान. भिजलेले कागद वाळवायचे म्हणजे चार लोकांदेखत पसरायचे, आणि वाहून गेलेली फाईल कुणाच्या अंगणात लागेल ते सांगता येत नाही. म्हणून नोंदी वरच्या मजल्यावर, झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या. संगणकावर ठेवत असाल तर डिस्क एन्क्रिप्ट करून, एक प्रत दुसऱ्या गावी. दुरुस्तीला लॅपटॉप देताना हार्डडिस्क काढून द्या. दुकानवाला भला असतो, पण दुपारी तो जेवायला गेला की तिथे त्याचा भाचा बसतो.

पायरी ७: घरचे, भावकी आणि स्थळवाले

नवरा मुंबईला, बोटीवर किंवा आखातात. फी तोच पाठवतो. तिसऱ्या महिन्यात फोन येतो: "मॅडम, मी पैसे भरतोय, ती काय बोलते ते कळायला नको का मला?" राग धरू नका, बहुतेकदा त्यामागे काळजी असते. उत्तर एकच: "कोण माझ्याकडे येतं आणि कोण नाही हे मी कुणालाच सांगत नाही. तुम्हाला काही कळवायचं असेल तर मी ऐकून घेईन, पण माझ्याकडून काही कळणार नाही." ऐकून घेण्यात गोपनीयता मोडत नाही. फक्त त्यांना आधीच सांगा की मी ऐकलेलं संबंधित व्यक्तीपासून लपवून ठेवणार नाही, नाहीतर तुम्हीच दोघांमध्ये अडकता.

यापेक्षा कठीण म्हणजे स्थळाची चौकशी. आमच्याकडे मुलगी बघायला जायच्या आधी चार ठिकाणी विचारतात आणि पाचवं ठिकाण हल्ली आपण असतो. सज्जन माणूस, हातात नारळीपाक, "फक्त हो की नाही सांगा, आमच्या मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे." नवीन असताना मी एकदा म्हणून गेले, "नाही हो, ती माझ्याकडे कधीच आलेली नाही." खरंच आलेली नव्हती. मला वाटलं पोरीचं भलं केलं. पुढच्या वेळी दुसऱ्या मुलीबद्दल विचारलं, ती येत होती, मी म्हटलं "सांगू शकत नाही." तो माणूस नुसता मान हलवून उठला. त्याला उत्तर मिळालं होतं. तेव्हापासून न येणाऱ्यांबद्दलही मी "नाही" म्हणत नाही. सगळ्यांना तेच वाक्य, त्याच सुरात, आणि नारळीपाक परत.

भावकीचं प्रकरण वेगळं. सातबाऱ्यावरून दोन भावांचं जुंपलेलं असतं, एक तुमच्याकडे येत असतो, आणि एक दिवस दुसरा वेळ मागायला येतो. त्याला घेणं बरोबर नाही, आणि का घेत नाही हे सांगणंही बरोबर नाही. मी फॉर्मवरच छापून ठेवलंय: "काही वेळा कारण न देता भेट नाकारली जाईल व दुसऱ्या समुपदेशकाचे नाव दिले जाईल." तरी दुसरा भाऊ अंदाज बांधतो. यावर पक्का उपाय मला अजून सापडलेला नाही.

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते, आणि नवा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ अठराखालच्या प्रत्येकाला बालकच धरतो. पण मूल बोलणार तेव्हाच, जेव्हा आईला सगळं कळणार नाही याची त्याला खात्री असेल. म्हणून पहिल्या भेटीत आईबाप आणि मूल तिघांना समोर बसवून ठरवा: हजेरी, एकूण प्रगती आणि धोक्याची गोष्ट पालकांना कळेल, बाकीचं नाही. शाळेने अहवाल मागितला तर शिफारशी द्या: लेखनिक हवा, वेळ जास्त हवा, पुढच्या बाकावर बसवा. घरात काय चाललंय हे शिक्षकांच्या खोलीतल्या चहासोबत वाटायला देऊ नका.

पायरी ८: पोलिस, कोर्ट आणि पोक्सो

ओळखीचे हवालदार चहाला येतात आणि सहज विचारतात. चहा द्या, माहिती नको. "साहेब, लेखी आणा" हे हसत म्हणता आलं पाहिजे.

कोर्टाचं समन्स आलं तर ते टाळता येत नाही. वकील आणि पक्षकार यांच्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात जसं संरक्षण आहे तसं आपल्याला नाही. पण समन्समध्ये काय मागितलंय ते शब्दशः वाचा. हजर राहायला सांगितलंय की कागद आणायला, कुठल्या तारखांचे. क्लायंटला कळवा, आपल्या वकिलाला विचारा, मागितलं असेल तेवढंच बंद पाकिटात न्या आणि ते उघड्या कोर्टात वाचू नये अशी विनंती लेखी करा. घटस्फोटाच्या दाव्यात दुसऱ्या बाजूचा वकील नुसतं पत्र पाठवून फाईल मागतो, पुष्कळ नवीन लोक घाबरून देऊनही टाकतात. वकिलाचं पत्र म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे.

पोक्सो कायदा, २०१२ इथे मोकळीक ठेवत नाही. कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती किंवा तो होण्याची शंका असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. सतरा वर्षांच्या मुलीचं राजीखुशीचं प्रेमप्रकरणही यातच येतं, कारण या कायद्यात अठराखाली संमतीला अर्थ नाही. मला हे जड जातं, लपवत नाही. म्हणूनच किशोरवयीनांना पहिल्या पाच मिनिटांत साध्या शब्दांत सांगायचं, म्हणजे काय बोलायचं ते त्यांना ठरवता येतं. कळवावं लागलंच तर मुलाला सांगून, १०९८ या बालमदत क्रमांकाची साथ घेऊन, आणि गावात एकही जास्तीचा शब्द न जाऊ देता.

आत्महत्येच्या धोक्यात घरच्यांना सांगावं लागतं तेव्हाही कारणं सांगायची गरज नसते. "आज रात्री यांना एकटं सोडू नका, उद्या सकाळी डॉक्टरांकडे न्या" एवढं पुरतं. प्रेमभंग, कर्ज, मार्क हे ज्याचं त्याने सांगायचं. पोलिस केस होईल या भीतीने घरचे गप्प बसतात, त्यांना सांगा की २०१७च्या कायद्याच्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीला तीव्र ताणाखाली असल्याचं गृहीत धरून संरक्षण दिलंय.

पायरी ९: मदतनीस आणि आपली स्वतःची जीभ

झाडायला येणाऱ्या मावशींना मी टिपणांच्या खोलीत एकटं सोडत नाही, आणि कचऱ्याच्या टोपलीत कागद टाकत नाही. फोन घ्यायला मुलगी ठेवलीत तर लेखी हमी घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिला नकार द्यायची वाक्यं पाठ करून घ्या. आत्याने विचारल्यावर वीस वर्षांच्या पोरीने काय म्हणायचं हे तिला आयत्या वेळी सुचत नाही.

वरिष्ठांशी चर्चा करताना नाव गाळलं की झालं असं वाटतं. "ट्रॉलरचा मालक, दोन मुली, मोठी दुबईला" एवढ्यावर किनाऱ्यावरचं कुठलंही पोर नाव सांगेल. धंदा बदला, मुलींचे मुलगे करा, दुबईचं पुणं करा. मी चर्चेसाठी मुद्दाम लांबची सहकारी निवडली आहे. जिल्ह्यातल्या दोघांनी एकमेकांच्या केसेसवर बोलायचं म्हणजे तिसऱ्या वाक्याला "अगं, म्हणजे ती का?" येतंच. शाळा-कॉलेजातल्या व्याख्यानात स्थानिक उदाहरण तर मुळीच नको. समोर तिची चुलत बहीण बसलेली असते.

पायरी १०: फुटलंच तर

वही हरवली, मेसेज भलत्याला गेला, मदतनीस बोलून गेली. पहिला फोन क्लायंटला, त्याच दिवशी, दुसऱ्याकडून कळायच्या आधी. काय गेलं, कुणाकडे गेलं, मी काय केलं, तुम्हाला काय हवंय. सबबी नकोत. मग काय घडलं ते तारखेसह लिहून ठेवा. डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आहेत आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात अशा वेळी संबंधित व्यक्तीला आणि डेटा संरक्षण मंडळाला कळवायचं बंधन आहे. संगणकावर नोंदी ठेवणाऱ्याने वकिलाबरोबर तासभर बसून आपल्याला त्यातलं काय लागू होतं ते समजून घ्यावं.

पायरी ११: जुने कागद आणि आपल्यानंतर

डॉक्टरांना नोंदी किमान तीन वर्षं ठेवायचा नियम आहे. मी सात ठेवते, आणि कोर्टाचं काही चालू असेल तर ते संपेपर्यंत. मुदत संमतीपत्रात लिहिलेली असावी.

मला उद्या काही झालं तर किल्ल्या कुणाकडे? नवऱ्याकडे नाहीत, तोही याच गावचा. लांबच्या त्या सहकारीच्या नावाने एक बंद पाकीट आहे: किल्ल्या कुठे, चालू क्लायंट कोण, त्यांना कुठल्या नंबरवर कुठल्या वेळी कळवायचं, बाकीचं कसं नष्ट करायचं.

आणि रद्दी. कागद रद्दीत गेला की दोन आठवड्यांत त्यात भजी बांधून मिळतात. दरवर्षी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, मुदत संपलेली टिपणं मी स्वतः फाडते आणि आंघोळीच्या पाण्याच्या बंबात घालते. एका वेळी थोडी, नाहीतर अर्धी जळलेली पानं राखेत शिल्लक राहतात. राख थंड झाली की काठीने ढवळून बघते, मग माडाच्या आळ्यात टाकते.